लाकडी स्पार: सिटाब्रिया, डिकॅथलॉन आणि चॅम्पच्या मालकांसाठी

स्पार म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारा, भार पेलणारा मुख्य वासा. तुमच्या विमानाचे स्पार लाकडी असतील तर प्रत्येक पंखात सिटका स्प्रूस या सूचिपर्णी लाकडाचे दोन असतात. कोरडे ठेवलेले स्प्रूस कित्येक दशके टिकते, त्यामुळे वयाची फार धास्ती घेऊ नका. खरी धास्ती धक्क्याची. ग्राउंड लूपमध्ये, म्हणजे जमिनीवर धावताना विमान अचानक गर्रकन वळले की, पंखाचे टोक जमिनीला घासते; कधी ते हँगरच्या दाराला आपटते. अशा धक्क्याने स्पारमधले तंतू दाबाने चुरगळू शकतात. ही कॉम्प्रेशन क्रॅक. ती तंतूंना आडवी जाते, केसाएवढी बारीक असते आणि बहुधा स्ट्रटच्या (पंखाला खालून तोलणाऱ्या तिरप्या दांड्याच्या) जोडाजवळ, प्लायवूडच्या जाड पट्टीच्या कडेला लपते. टोक दुरुस्त करून विमान पुन्हा उडू लागते आणि मालकाला शंकाही येत नाही. हवेत पंख तुटून अपघात झाले, तेव्हा अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेने या विमानांच्या स्पारची तपासणी सक्तीची केली (आदेश २०००-२५-०२).

आमच्या कार्यशाळेत आम्ही फॅब्रिकला, म्हणजे पंखावर ताणलेल्या कापडाला, तपासणीची झाकणे बसवतो आणि टॉर्च स्पारला जवळजवळ टेकवून झोत तंतूंच्या दिशेने टाकतो. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही. तिरप्या झोतात तीच चीर कापडावरच्या सुरकुतीसारखी उमटते. रिबचे (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांचे) खिळे सैल आहेत का, बोल्टभोवती लाकूड काळवंडले आहे का, हेही बघतो. शंका आलीच तर सुरीच्या टोकाने कुसळ उचलतो. लांब निघाले तर लाकूड निरोगी, तुकडा पटकन मोडला तर कुजलेले.

थोडी कूज किंवा उभी चीर असेल तर स्कार्फ जोड, म्हणजे दोन्ही टोके तिरपी कापून चिकटवलेला सांधा, देता येतो. त्याचा उतार १२ ला १ ठेवतो, फार तर १० ला १. एका स्पारला दोनच जोड चालतात आणि फिटिंगखाली (बोल्टने बसवलेल्या धातूच्या जोडपट्टीखाली) एकही नाही. रिसॉर्सिनॉल गोंद २१ अंशांखाली नीट धरत नाही, म्हणून थंडीत काम लांबते. कॉम्प्रेशन क्रॅकवर मात्र इपॉक्सी भरून किंवा प्लाय चिकटवून भागत नाही. स्पार बदलावाच लागतो, आणि यात आम्ही सवलत देत नाही.

मोठा खर्च फॅब्रिक उतरवून परत चढवण्याचा. नवे फॅब्रिक घालायचा विचार असेल तर स्पार त्याच वेळी पूर्ण उघडे करून दाखवा.

येताना सगळी लॉगबुके आणा. ‘विंगटिप बदलला’ एवढी जुनी ओळ असली तरी आवर्जून दाखवा. नुकताच पंख आपटला असेल तर विमान उडवत आणू नका. फोन करा, आम्ही तुमच्या हँगरवर येतो.