हॅडन हॉल आणि हार्डविक हॉल: यातलं मॅनर हाउस कुठलं?

इंग्लंडच्या ग्रामीण भागातलं जुनं, दगडी, भलंमोठं घर दिसलं की आपण त्याला सरसकट ‘मॅनर हाउस’ म्हणून मोकळे होतो. या एका नावाखाली दोन वेगळ्या जातींची घरं जमा होतात, आणि त्यांच्यातला फरक आकारापुरता नाही. तो समजून घ्यायला डर्बीशायरमधली दोन घरं पुरेशी आहेत: बेकवेलजवळ वाय नदीच्या काठावरचं हॅडन हॉल आणि चेस्टरफील्डच्या आग्नेयेला उंचावर उभं असलेलं हार्डविक हॉल. दोन्ही दगडी, दोन्ही बड्या जमीनदार घराण्यांची, दोन्हींत ‘लाँग गॅलरी’, म्हणजे घराच्या आतलं लांबलचक दालन. गल्लत होणं अगदी स्वाभाविक आहे.

हॅडन हे खरं मॅनर हाउस. मॅनर म्हणजे एका जमीनदाराच्या ताब्यातला सगळा जमीनजुमला: त्याची स्वतःची शेतं, कुळांची शेतं, गायरान, गिरणी. मॅनर हाउस हे त्या कारभाराचं ठाणं. तिथे येणं जमा व्हायचं, कुळांचे तंटे ऐकले जायचे, आणि मालकाचं कुटुंब, नोकरचाकर, पाहुणे असे सगळे एका छपराखाली जेवायचे. या साऱ्यासाठी लागणारी मोठी जागा म्हणजे ग्रेट हॉल. घर मुळात या हॉलचंच. बाकीच्या खोल्या पिढ्यान् पिढ्या, गरज पडेल तशा त्याला जोडल्या गेल्या.

हॅडनमधला हॉल व्हर्नन घराण्याने 1370च्या सुमारास बांधला. तो दोन चौकांच्या मधोमध आडवा पसरला आहे. त्यात शिरायचं ते एका टोकाने. आधी एक आडवा बोळ लागतो, त्याला स्क्रीन्स पॅसेज म्हणतात. बोळाच्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि पेयं व पाव साठवण्याच्या कोठ्या, दुसऱ्या अंगाला लाकडी आडभिंत आणि तिच्यापलीकडे हॉल. हॉलच्या लांबच्या टोकाला थोडा उंच ओटा, तिथे मालकाचं टेबल. मालकाच्या खासगी खोल्या त्या ओट्याच्या मागे. कोण कुठे बसतो यावरून त्याची पायरी कळत असे, आणि तरीही सगळे एकाच खोलीत असत. मला या रचनेचं फार अप्रूप वाटतं. मध्ययुगातला अख्खा समाज एका लांबट खोलीत मांडलेला आहे.

हॅडनच्या माथ्यावर किल्ल्यासारखे कंगोरे दिसतात, त्यावरून त्याला किल्ला समजू नये. बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे भिंत बांधायला परवानगी मिळाली ती 12 फूट उंचीची, आणि कंगोरे नसावेत या अटीवर. प्रार्थनाघराच्या खिडकीतली रंगीत काच 1427ची, भिंतींवरची चित्रंही पंधराव्या शतकातली. कोणत्याही दोन भिंती एका काळातल्या असतील असं इथे गृहीत धरता येत नाही.

हार्डविकमध्ये मात्र सगळं एका काळातलं. एलिझाबेथ, श्रूजबरीची काउंटेस, इतिहासात ‘बेस ऑफ हार्डविक’ म्हणून प्रसिद्ध असलेली बाई, हिने ते 1590 ते 1597 या काळात बांधून घेतलं. आराखडा रॉबर्ट स्मिथसनचा मानला जातो. डावी बाजू उजवीसारखी, सहा मनोरे, आणि मनोऱ्यांच्या कठड्यांवर दगडात कोरलेली तिच्या नावाची आद्याक्षरं, ‘ई’ आणि ‘एस’. काच महाग असण्याच्या त्या काळात खिडक्या इतक्या मोठ्या की ‘हार्डविक हॉल, भिंतीहून काच जास्त’ अशा अर्थाची म्हणच इंग्रजीत रूढ झाली. धुराडी आतल्या भिंतींत घेतल्यामुळे बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या मिळाल्या.

पण खरा बदल आहे तो हॉलचा. हार्डविकमध्ये हॉल नव्वद अंशांत फिरवला आहे: समोरच्या दारातून सरळ आत, घराच्या मधल्या रेषेवर. नकाशावर ही गोष्ट किरकोळ दिसते, पण मला हीच या सगळ्या विषयातली सर्वांत मोठी घडामोड वाटते. जुना हॉल बाजूने शिरायचा होता म्हणून दर्शनी भाग कधीच दोन्हीकडे सारखा येत नसे. तो फिरवल्यावर सममिती शक्य झाली, आणि त्याच वेळी हॉल हे घराचं केंद्र उरलं नाही. तो झाला प्रवेशाचा आणि नोकरांच्या वावराचा भाग. महत्त्वाचं सगळं वर गेलं. मजल्यागणिक छत उंच होत जातं. लांबलचक दगडी जिना चढून सर्वांत वरच्या मजल्यावर पोहोचलं की हाय ग्रेट चेंबर, म्हणजे पाहुण्यांच्या स्वागताचं भव्य दालन, आणि लाँग गॅलरी लागते. पाहुण्याला तिथवर चालवत नेणं हाच मानपानाचा सोहळा. अशा घरांमागे राणी पहिली एलिझाबेथ आणि तिचा दरबार डोळ्यांसमोर असे. इतिहासकार त्यांना ‘प्रॉडिजी हाउस’ म्हणतात. नॉटिंगहॅममधलं वोलॅटन हॉल त्यातलंच, आणि तेही स्मिथसनचं.

इथे एक गुंता आहे. लाँग गॅलरी हॅडनमध्येही आहे, सुमारे 110 फुटांची. व्हर्ननांकडून घर लग्नसंबंधाने मॅनर्स घराण्याकडे गेल्यावर, 1600च्या आसपासची. म्हणजे जुन्या घरांनीही नवी फॅशन उचलली, फक्त आपल्या जुन्या सांगाड्याला जोडून. म्हणून गॅलरी, खिडक्या किंवा धुराडी यांवरून निवाडा करू नये. हॉल शोधावा, आणि त्यात कुठून शिरतो ते पाहावं. पुढे मॅनर्स घराण्याने बीव्हर कॅसलला (Belvoir) मुक्काम हलवला आणि हॅडन जवळजवळ दोनशे वर्षं वापराविना पडून राहिलं. कोणी ते आधुनिक करायला गेलं नाही, म्हणून 1920च्या दशकात त्याच घराण्यातल्या, रटलंडच्या नवव्या ड्यूकने जीर्णोद्धार हाती घेतला तेव्हा जुनी मांडणी जागच्या जागी होती.

हीच कसोटी नावांच्या बाबतीतही उपयोगी पडते. श्रॉपशायरमधलं स्टोकसे कॅसल नावाने किल्ला आहे. पण तेराव्या शतकाच्या अखेरीस लॉरेन्स ऑफ लडलो या लोकरीच्या व्यापाऱ्याने ते बांधलं, आणि आत उंच छपराचा हॉल व त्याच्या एका टोकाला मालकाची खोली आहे. ते तटबंदी केलेलं मॅनर हाउस आहे.