अटलांटिक भिंत : युरोपच्या किनाऱ्यावरील जर्मन बंकरांची पार्श्वभूमी

नॉर्वेच्या उत्तर टोकापासून फ्रान्स-स्पेन सीमेपर्यंतच्या किनाऱ्यावर दुसऱ्या महायुद्धातील जर्मन बंकर आजही वाळूत रुतलेले, कड्यांवरून कलंडलेले किंवा काटेरी झुडपांत दडलेले आढळतात. जर्मन प्रचाराने या संरक्षणव्यवस्थेला 'अटलांटिक भिंत' असे नाव दिले असले, तरी ती सलग भिंत कधीच नव्हती. काही ठिकाणी बंकरांची दाटी आहे, तर काही ठिकाणी मैलोन्मैल काहीच नाही. शत्रू कोठे उतरेल याविषयी जर्मनांनी बांधलेला अंदाज या विषम मांडणीतून आजही वाचता येतो, आणि या अवशेषांचे खरे मोल माझ्या मते त्यातच आहे.

जून 1940 मध्ये फ्रान्स पडल्यावर ब्रिटनच्या सर्वांत जवळ असलेल्या फ्रान्सच्या कॅले या किनारी शहराच्या परिसरात अवजड तोफा बसवण्यास सुरुवात झाली, ती बचावासाठी नव्हे, तर ब्रिटनवरील नियोजित स्वारीला पाठबळ देण्यासाठी. ती स्वारी बारगळली. पुढे रशियात सैन्य अडकले आणि अमेरिकाही युद्धात उतरली, तेव्हा पश्चिम किनारा राखणे ही जर्मनीची गरज झाली. 23 मार्च 1942 रोजी हिटलरने किनारी संरक्षणाविषयीचा निर्देश क्रमांक 40 काढला आणि पाचच दिवसांनी ब्रिटिश कमांडोंनी फ्रान्समधील सेंट नाझेर बंदरातील गोदीवर छापा घातला. त्याच वर्षी 19 ऑगस्टला फ्रान्सच्याच दिएप बंदरावर मुख्यतः कॅनडियन सैनिकांनी केलेला हल्ला मोठ्या हानीनिशी फसला. दोस्त राष्ट्रांना (ब्रिटन, अमेरिका व त्यांचे साथी) मोठे सैन्य उतरवायचे तर आधी बंदर ताब्यात घ्यावे लागेल, हा जर्मनांचा समज या घटनांनी पक्का केला आणि काँक्रीटचा मोठा वाटा बंदरांना व कॅलेच्या पट्ट्याला गेला. दोस्तांनी मात्र त्याच दिएपवरून उलटा धडा घेतला : बंदर टाळायचे आणि कृत्रिम बंदर सोबत न्यायचे.

हिटलरने मे 1943 पर्यंत 15,000 पक्की बांधकामे मागितली होती. प्रत्यक्षात त्यांतील निम्मीही वेळेत उभी राहिली नाहीत. काम टोट संघटना या जर्मन सरकारी बांधकाम यंत्रणेकडे होते. तिचा संस्थापक फ्रिट्झ टोट फेब्रुवारी 1942 मध्ये विमान अपघातात मरण पावला आणि सूत्रे हिटलरचा मंत्री अल्बर्ट श्पेअर याच्याकडे गेली. मजुरांत काही पगारी होते, पण सक्तीने आणलेले कामगार, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदीही मोठ्या संख्येने होते. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची, जर्मनांनी व्यापलेली ब्रिटिश चॅनल बेटे, त्यांपैकी ऑल्डर्नीवर तर त्यांच्यासाठी छावण्याच होत्या, त्यामुळे तेथील बांधकाम नुसते स्थापत्य म्हणून पाहणे मला योग्य वाटत नाही.

बांधणी ठरावीक नकाशांनुसार होत असे. बहुतेक पक्क्या बंकरांच्या भिंती व छत सुमारे दोन मीटर जाडीचे असत. दाराकडे येणाऱ्यावर आतून मारा करता यावा म्हणून प्रवेशाच्या समोर किंवा बाजूला जंगी, म्हणजे गोळी झाडण्यासाठी भिंतीत ठेवलेले छिद्र, असे. आपल्याकडचे किल्ले पायाखाली घातलेल्यांना ती लगेच ओळखू येईल. त्यापुढे विषारी वायू अडवणारी हवाबंद खोली, हाताने फिरवायचे हवा गाळण्याचे यंत्र आणि भिंतीला साखळ्यांनी टांगलेल्या घडीच्या खाटा असत. मागे विटांची एक पातळ भिंत असे आणि तिच्यापलीकडे वाळू भरलेले उभे भुयार. मुख्य दार ढासळले तर विटा पाडायच्या, वाळू आत ओतू द्यायची आणि लोखंडी पायऱ्यांनी वर निघायचे. काँक्रीटवर शटरिंगच्या फळ्यांचे वळ अजूनही स्पष्ट दिसतात.

1943 च्या अखेरीस जर्मन फील्ड मार्शल रोमेलकडे या तटबंदीच्या पाहणीचे काम आले आणि सुरुंग, खांब व लोखंडी अडथळ्यांवर भर वाढला. याच काळात सुभाषचंद्र बोस यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या आझाद हिंद पलटणीचे जवानही बोर्दोजवळच्या लाकानाऊ किनाऱ्यावर पहाऱ्यास होते. उत्तर आफ्रिकेत पकडले गेलेले हिंदी सैनिक जर्मन गणवेशात या तटबंदीवर उभे होते, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही.

नॉर्मंडीतील लाँग-सुर-मेर येथे या व्यवस्थेची ताकद आणि दुबळेपणा एकत्र दिसतो. चार स्वतंत्र काँक्रीट कोठ्यांत सुमारे 15 सेंटीमीटर व्यासाच्या चार नौदल तोफा होत्या आणि कड्याच्या टोकाला मारा निर्देशित करणारा दुमजली बंकर. 6 जून 1944 पूर्वीच्या बाँबफेकीत तोफा वाचल्या, पण बंकरापासून त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या तारा तुटल्या, त्यामुळे मारा अचूक राहिला नाही. ब्रिटिश 'एजॅक्स' आदी दोस्तांच्या युद्धनौकांनी त्यांना उत्तर दिले आणि दुसऱ्या दिवशी ब्रिटिशांनी ठाणे घेतले. तोफा आजही जागेवर आहेत, हे या किनाऱ्यावर दुर्मीळ आहे.

युद्धानंतर दारे आणि यंत्रे भंगारात गेली. काँक्रीट फोडणे खर्चिक असल्याने ते उरले. काही बंकर कोठारे झाले, अनेक वाळूखाली गेले. 2008 मध्ये डेन्मार्कच्या होउविग किनाऱ्यावर वादळाने वाळू हटल्यावर आतील सामानासह बंकर उघडे पडले. बेल्जियममधील राव्हर्सायड आणि डेन्मार्कमधील हान्स्टहोल्म येथे आता संग्रहालये आहेत. याउलट, जेथे गंजलेल्या सळ्या पोहणाऱ्यांना धोकादायक ठरतात, तेथे डेन्मार्कने काही बंकर फोडून हटवले आहेत, आणि फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर धूप वाढेल तशी टेकड्यांवरची आणखी बांधकामे समुद्रात उतरत आहेत.