कला-इतिहासाच्या संशोधनपद्धती : नागपूर परिसर

मूर्ती, चित्र किंवा वास्तू कोणी, केव्हा आणि कशासाठी घडवली, ती आधी कुठे होती आणि तिच्यात पुढे काय बदल झाले, हे पुराव्यानिशी ठरवण्याच्या रीतींना कला-इतिहासाच्या संशोधनपद्धती म्हणतात. पाचव्या शतकातील वाकाटक राजघराण्याच्या काळची देवळे व मूर्ती, यादवकालीन मंदिरे, भोसल्यांच्या काळातील बांधकामे आणि 1863 मध्ये सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांच्या तोंडचा ‘अजब बंगला’, अशी सगळी सामग्री एका दिवसाच्या अंतरात असल्यामुळे या पद्धती शिकायला नागपूरइतकी सोयीची जागा विदर्भात दुसरी नाही.

अभ्यासाची सुरुवात वर्णनापासून होते, ओळख पटवण्यापासून नव्हे. हा क्रम मोडला की पुढचे सगळे चुकते. मूर्तीसमोर उभे राहून आधी लिहायचे ते एवढेच : दगडाचा प्रकार व रंग, उंची-रुंदी-जाडी सेंटिमीटरमध्ये, हातांची संख्या, प्रत्येक हातातली वस्तू, बसण्याची किंवा उभे राहण्याची ढब, केस, दागिने, वस्त्राच्या चुण्या, तुटलेले भाग आणि मागची बाजू. मागची बाजू अनेकजण पाहतच नाहीत. ती घडीव असेल तर मूर्ती चहूबाजूंनी पाहण्यासाठी केलेली असू शकते. ओबडधोबड असेल तर ती भिंतीत किंवा कोनाड्यात बसवलेली असण्याची शक्यता वाढते. देवतेचे नाव आधी लिहिले, की डोळे त्या नावाला जुळणाऱ्या खुणाच शोधू लागतात.

रामटेकचा केवल नरसिंह हे याचे उत्तम उदाहरण. नरसिंह म्हटले की मांडीवर हिरण्यकश्यपू डोळ्यांपुढे येतो. इथे तो नाही. दोन हातांची, हातात चक्र घेऊन निवांत बसलेली ही प्रतिमा आहे. जवळच्या रुद्र नरसिंहाची मूर्तीही जवळजवळ तशीच. ‘काय नाही’ हे जो नोंदवत नाही, त्याच्या हातून या मूर्तींचे वेगळेपण निसटते.

वर्णनानंतर शैलीची तुलना येते. कान, बोटे, नखे अशा कलाकाराच्या सवयीने घडणाऱ्या बारीक जागांवरून कृती कोणाच्या हातची हे ओळखण्याची रीत एकोणिसाव्या शतकात इटलीच्या जोव्हान्नी मोरेल्ली यांनी चित्रांसाठी मांडली. दगडी शिल्पाला ती बेताने लावावी लागते, कारण एकाच मूर्तीवर एकाहून अधिक कारागिरांचा हात असू शकतो आणि शेंदराच्या थरांखाली बारकावे बुजलेले असतात. मांढळ, मनसर, रामटेक आणि पवनार येथील वाकाटककालीन शिल्पे शेजारी ठेवून पाहिली की भरदार अंगकाठी, जाड कुरळे केस, मोजके पण ठसठशीत दागिने अशी सामायिक लकब दिसू लागते. तुलना मात्र शक्यतो एकाच दगडाच्या आणि साधारण एकाच आकाराच्या मूर्तींची करावी. वाळूखडक आणि काळा बेसाल्ट छिन्नीला वेगळी दाद देतात. हा फरक काळाचा समजला जातो आणि कालक्रम घसरतो.

विदर्भातली सर्वांत रुळलेली चूक म्हणजे कोणत्याही जुन्या दगडी देवळाला ‘हेमाडपंती’ म्हणणे. हे नाव ज्याच्यावरून पडले तो हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री. रामटेकच्या टेकडीवर वाकाटकांची देवळे त्याच्या सुमारे आठशे वर्षे आधीची आहेत, लक्ष्मण मंदिरात यादव रामचंद्राच्या काळचा शिलालेख आहे, आणि भोसल्यांच्या काळातली दुरुस्ती व भर निराळी. म्हणून तिथे अख्ख्या वास्तूला एकच काळ देऊ नये. पाया, स्तंभ, छत, दारचौकट यांची नोंद स्वतंत्र करावी.

प्रतिमांचा अर्थ लावण्यासाठी कला-इतिहासकार एर्विन पानोफ्स्की यांच्या तीन पायऱ्या अजूनही उपयोगी पडतात : दिसते ते सांगणे, त्यातली कथा किंवा देवता ओळखणे, आणि त्या काळाच्या विचारविश्वात तिचा अर्थ शोधणे. दुसरी पायरी किती निसरडी आहे, हे पवनारला कळते. धाम नदीकाठी विनोबांच्या आश्रमाच्या जमिनीत निघालेली शिल्पे इतिहास-संशोधक वा. वि. मिराशी यांनी रामायणातील प्रसंग म्हणून ओळखली, तर पुढच्या काही अभ्यासकांना त्यांत कृष्णचरित्र दिसले. मांढळच्या आठ मुखांच्या मूर्तीबाबतही मतभेद आहेत. त्यामुळे वाकाटक शिल्पाला खूप नंतरच्या मूर्तिशास्त्रीय ग्रंथातले लक्षण थेट लावू नये. आधी त्याच काळातील शिल्पे आणि लेख पाहावेत.

लेखांचा पुरावा भक्कम, पण तो वाचायची शिस्त लागते. वाकाटक ताम्रपटांत शकवर्ष नसते, राजाचे राज्यवर्ष असते. कालगणनेचा खुंटा मिळतो तो वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्यामुळे : ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, आणि गुप्तांचा कालक्रम ठाऊक आहे. ताम्रपट सापडला ते गाव आणि तो दिला ते ठिकाण एक असेलच असे नाही. प्रभावतीचा एक ताम्रपट पुण्यात मिळाला, पण तो नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून, दिलेला आहे. केवल नरसिंह मंदिरातला शिलालेख बराच झिजलेला असल्यामुळे त्याचे वाचन आणि देवळाचा कर्ता यांवर एकत्रच वाद होतो. उलट मनसरला ‘प्रवरेश्वर’ नाव असलेली मुद्रा उत्खननात मिळाली, म्हणून तिचे वजन मोठे. जागा आणि थर ठाऊक असलेली लहानशी वस्तू ही मूळ ठिकाण हरवलेल्या सुबक मूर्तीपेक्षा कित्येकदा जास्त बोलते.

छायाचित्रासाठी झिजलेली अक्षरे आणि उथळ कोरीवकाम यांवर एका बाजूने तिरपा प्रकाश टाकावा. समोरून फ्लॅश मारला की सगळे सपाट होते. रंगाच्या नोंदीसाठी उलट सावलीतला मऊ उजेड हवा. प्रत्येक चित्रात मोजपट्टी वस्तूच्याच पातळीत ठेवावी, पुढे-मागे ठेवली तर माप खोटे येते. नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावरचे काम सकाळी नऊच्या आत आटोपावे. अक्षरे ठळक दिसावीत म्हणून खडू, पावडर, तेल किंवा पाणी लावणे पूर्ण निषिद्ध आहे. कागदी ठसा परवानगीशिवाय घेऊ नये. पूजेतल्या मूर्तीसाठी आधी पुजाऱ्यांशी बोलावे. शेंदूर केव्हा चढतो, वस्त्र केव्हा बदलते, मूर्ती पूर्वी कुठे होती, हे त्यांनाच माहीत असते. ही माहिती सांगणाऱ्याच्या आणि तारखेच्या उल्लेखासह वेगळी लिहावी.

संग्रहालयात वस्तूवरचा क्रमांक आणि नोंदवहीतला क्रमांक स्वतः ताडून पाहावा. जुन्या नोंदींत ‘प्राप्तिस्थान’ म्हणून कधी देणाऱ्याचे गाव लिहिलेले असते. शेवटच्या मसुद्यात वर्णन, ओळख, काळ आणि प्राप्तिस्थान यांचे चार रकाने ठेवून प्रत्येकापुढे आधार लिहावा. केवळ शैलीवरून ठरवलेला काळ ‘अंदाजे’ म्हणूनच आणि शतकाच्या पल्ल्यात द्यावा.