ज्योतपेशी: मलोत्सर्जन की पाण्याचा तोल?

सोलापूर जिल्ह्यात उजनीच्या कालव्यांलगत आणि तलावांच्या पाणथळ काठांवर शेळ्यामेंढ्या चरतात, आणि अशाच जागी पर्णकृमीची (यकृतात राहणाऱ्या चपट्या परजीवी कृमीची) बाधा होण्याचा धोका अधिक असतो. या कृमीचे जीवनचक्र पशुपालकांना समजावून सांगितले जाते. मात्र अंड्यातून गोड्या पाण्यात उतरलेली त्याची सूक्ष्म अळी गोगलगाय गाठेपर्यंत फुगून फुटत कशी नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्या अळीच्या शरीरात ज्योतपेशींची, म्हणजे द्रव बाहेर नेणाऱ्या बारीक नलिकांच्या टोकाशी असलेल्या पेशींची, एकच जोडी असते.

एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शकाखाली या पेशींतील केसलांचा (हलणाऱ्या सूक्ष्म केसांसारख्या तंतूंचा) झुबका दिव्याच्या ज्योतीसारखा थरथरताना दिसला आणि त्यावरून त्यांना नाव मिळाले. 1888 मध्ये या नलिकाव्यूहाला ‘आदिवृक्कक’ ही संज्ञा मिळाली. वृक्काशी (मूत्रपिंडाशी) नाते जोडल्यामुळे पाठ्यपुस्तकांत तो ‘उत्सर्जन संस्था’ म्हणून रुजला, आणि खरा गुंता येथूनच सुरू झाला. चपट्या कृमींचा बहुतेक नायट्रोजनयुक्त मल अमोनियाच्या रूपात शरीराच्या पृष्ठभागातूनच बाहेर झिरपतो, त्यासाठी नलिकांची फारशी गरज पडत नाही. गोड्या पाण्यातील प्लॅनेरिया या स्वतंत्रपणे जगणाऱ्या चपट्या कृमीत मात्र हे जाळे चांगलेच विकसित असते, कारण शरीरात सतत शिरणारे पाणी बाहेर टाकल्यावाचून तो जगू शकत नाही. तेव्हा पाण्याचा तोल राखणे हेच मुख्य काम मानणे अधिक सयुक्तिक ठरते. तरीही विरुद्ध पक्षाचा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही: समुद्रातील चपट्या कृमींत आणि यजमानाच्या क्षारयुक्त द्रवात राहणाऱ्या प्रौढ पर्णकृमीतही ही संस्था टिकून आहे, त्यामुळे पाणी उपसण्यापलीकडे तिला काही काम असलेच पाहिजे.

1950 च्या दशकाच्या अखेरीपासून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने वादाचे स्वरूप बदलले. ज्योतपेशी आणि तिच्या शेजारची नलिकापेशी यांच्या एकमेकींत गुंतलेल्या प्रवर्धांमध्ये (बोटांसारख्या फाट्यांमध्ये) बारीक फटी असून त्यांवर पातळ पटल ताणलेले असते, असे दिसून आले. चपट्या कृमींना रक्ताभिसरण संस्था नसल्याने गाळणीसाठी लागणारा रक्तदाब येथे उपलब्ध नसतो. त्याऐवजी केसलांच्या फटकाऱ्यांनी नलिकेत दाब कमी होतो आणि द्रव आत ओढला जातो, असा अर्थ लावला गेला. पुढे, गाळलेल्या द्रवातील उपयुक्त क्षार नलिका परत शोषून घेतात, ही कल्पनाही स्वीकारली गेली.

1999 मध्ये आनुवंशिक तुलनेवरून अ‍ॅसीला (Acoela) या गटातील, आतड्याची पोकळी नसलेले कृमी चपट्या कृमींच्या संघातून वेगळे काढावेत, असे मांडण्यात आले. त्यांच्यात आदिवृक्कक नसतात, म्हणून या अवयवाच्या उगमाविषयीचे जुने आडाखेही पुन्हा तपासावे लागले. 2011 नंतरच्या प्लॅनेरियावरील संशोधनात नलिकांचे वेगवेगळे भाग वेगवेगळी वाहक प्रथिने वापरतात, हे स्पष्ट झाले, आणि त्यांची मांडणी मानवी वृक्कनलिकेशी बरीच जुळते. केसले निकामी केली की प्लॅनेरियाचे शरीर पाण्याने फुगते. 2015 मधील एका अभ्यासात तर नलिकांत द्रवाने भरलेल्या गाठीही आढळल्या. म्हणूनच मानवी वृक्कातील गाठींच्या आजाराच्या अभ्यासासाठी आता या प्राण्याकडे पाहिले जाते.