हवा काढली म्हणजे ब्रेक ऑइल बदललं असं नाही

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर मऊ लागला की जळगाव-धुळ्यात एकच सल्ला मिळतो: ‘भाऊ, हवा काढून घ्या.’ हवा काढणं बहुतेकांना येतं. लिव्हर दाबून धरायचा, कॅलिपरवरचं (चाकाजवळ डिस्क पकडणारा भाग) निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, पाव फेरा सैल करून पुन्हा आवळायचं, मगच लिव्हर सोडायचा. वरच्या डबीतलं ऑइल खालच्या खुणेपर्यंत उतरू द्यायचं नाही. एवढंच.

घोळ होतो तो आजार ओळखण्यात. लाइनमध्ये हवा शिरणं वेगळं आणि ऑइलमध्ये पाणी मुरणं वेगळं.

हवा असेल तर गाडी थंड असतानाच लिव्हर मऊ लागतो आणि दोन-चारदा भराभर दाबला की थोडा कडक होतो. पाणी मुरलं असेल तर थंड गाडीचा लिव्हर अगदी व्यवस्थित. मग कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना ब्रेक धरून धरून कॅलिपर तापतो आणि खालच्या वळणावर लिव्हर थेट ग्रिपला टेकतो. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही; त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की १५५ च्या पुढे भरवसा नाही. पाण्याची वाफ होते, लिव्हरचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. पायथ्याशी गाडी निवली की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि लिव्हर पहिल्यासारखा. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बघतो आणि ‘ब्रेक चांगला आहे’ म्हणतो. थंड गाडीवर त्याला दुसरं काही दिसणारच नाही.

आपल्याकडच्या मे महिन्याला दोष देऊ नका. ४५ अंशांच्या उन्हात ब्रेक ऑइल उकळत नाही. ओलावा रबरी होजमधून आणि डबीच्या झाकणातून हळूहळू मुरत राहतो, आणि तो हवा काढून निघत नाही.

दोन्ही कामांना पाना तोच, पारदर्शक नळी तीच. फरक कुठे थांबायचं याचा. बुडबुडे बंद झाले की लोक हात धुतात. लाइनमधलं बरंचसं जुनं ऑइल तिथेच राहतं. बदलायचं असेल तर डबीतलं काळपट ऑइल आधी उपसून डबी पुसा, नवं भरा आणि निपलमधून स्वच्छ, नव्या रंगाचं ऑइल येईपर्यंत चालू ठेवा. दर दोन वर्षांनी हे करावंच, लिव्हर कडक असला तरी.

डॉट ३ की ४, ते झाकणावर लिहिलेलं असतं, तेच घाला. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. गॅरेजच्या फळीवर महिनोन्‌महिने उघडी पडलेली बाटली मी कुणालाही वापरू देत नाही, तिने ओलावा आधीच ओढलेला असतो. लेव्हल भरायला इंजिन ऑइल घालणं तर गुन्हाच, त्याने आतले रबरी सील फुगून कामातून जातात. आणि ब्रेक ऑइलचा थेंब टाकीवर पडला तर लगेच भरपूर पाणी ओता, नाहीतर रंग उतरतो.