फॅरालॉन दीपगृह

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट सामुद्रधुनीपासून पश्चिमेला सुमारे ४३ किमी. अंतरावर, आग्नेय फॅरालॉन या खडकाळ बेटावरील एकोणिसाव्या शतकातील दीपगृह. बेटाच्या सर्वांत उंच, शंभर मीटरहून थोड्या अधिक उंचीच्या टेकडीवर ते उभे आहे. बेट आता वन्यजीवांसाठी राखीव असून सर्वसामान्यांना तेथे पाऊल ठेवता येत नाही. या बंदीचे मूळ दीपगृहात कमी आणि पक्ष्यांच्या अंड्यांत जास्त आहे.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि सॅन फ्रान्सिस्कोची वस्ती भराभर वाढली. कोंबड्या मात्र त्या वेगाने वाढल्या नाहीत. शहराची ही नड फॅरालॉनवरील मर या समुद्रपक्ष्याने भागवली. त्याचे अंडे कोंबडीच्या अंड्याच्या जवळजवळ दुप्पट, एका टोकाला निमुळते, ठिपक्यांचे. अंडी गोळा करणारे पोटापाशी घोळ असलेला सैल सदरा घालत आणि त्यात अंडी भरत कड्यांवरून उतरत. हंगामाच्या सुरुवातीला ते आधीची सगळी अंडी फोडून टाकत, म्हणजे दुसऱ्या दिवशी मिळेल ते अंडे ताजेच असणार. साहजिकच १८५३ मध्ये दीपगृह बांधायला गलबत आले, तेव्हा या मंडळींनी कामगारांना उतरूच दिले नाही. सरकारी बळ पाठवावे लागले.

दगड बेटावरच फोडला. विटा मात्र मजुरांनी चार-चार, पाच-पाच अशा पाठीवर घेऊन, जागोजागी अक्षरशः रांगत टेकडीवर चढवल्या. मनोरा पुरा झाला आणि मग फ्रान्सहून आलेले पहिल्या श्रेणीचे, म्हणजे भल्यामोठ्या आकाराचे फ्रेनेल भिंग (दिव्याचा प्रकाश एकवटून दूरवर फेकणारी काचेच्या कड्यांची रचना) त्यात मावेना! बांधकाम पाडून पुन्हा उभारावे लागले. दिवा लागेपर्यंत १८५५ साल सरत आले होते.

धुक्यात दिव्याचा उपयोग नाही, म्हणून हार्टमन बाश या लष्करी अभियंत्याने १८५८ च्या सुमारास एक नामी युक्ती केली. खडकातील एका गुहेत लाट शिरली की वरच्या भोकातून हवा जोराने बाहेर पडे. त्या भोकावर त्याने आगगाडीच्या इंजिनाची शिट्टी बसवली. इंधन नको, माणूस नको. उणीव एवढीच, की समुद्र खवळला की ती जोरात वाजे आणि दाट धुक्याच्या शांत दिवशी, म्हणजे नेमकी गरज असताना, गप्प बसे. १८७१ मधील वादळाने ती उद्ध्वस्त केली. पुढे वाफेवरचा भोंगा आला.

अंड्यांचा मोह दीपरक्षकांनाही सुटला नाही. एका मुख्य रक्षकाची नोकरी त्यापायी गेली. जून १८६३ मध्ये अंड्यांचा धंदा करणारी पॅसिफिक एग कंपनी आणि तिच्या प्रतिस्पर्ध्यांत गोळीबार होऊन दोन माणसे मेली. ‘अंड्यांचे युद्ध’ हे त्याचे नाव ऐकून हसू येते, पण बंदुका खऱ्या होत्या. अखेर १८८१ मध्ये सैनिक पाठवून कंपनीला बेटावरून हाकलण्यात आले. एकेकाळी लाखांत मोजले जाणारे मर पक्षी विसाव्या शतकात काही हजारांवर आले होते. तेलगळतीचाही त्यात वाटा आहे.

१९०९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी फॅरालॉनच्या काही बेटांना अभयारण्याचा दर्जा दिला. दीपगृहाचे बेट मात्र त्यातून वगळलेले होते. त्याचा समावेश १९६९ मध्ये झाला. १९७२ मध्ये दिवा स्वयंचलित झाला आणि दीपरक्षकांचे वास्तव्य संपले. मूळ भिंग आज सॅन फ्रान्सिस्कोच्या सागरी इतिहास उद्यानात पाहता येते. मनोऱ्यावरचे, दिव्याभोवतीचे काचघर काढून टाकल्यामुळे उरलेली वास्तू दुरून दीपगृहापेक्षा बुटक्या गढीसारखी दिसते.

बेटावर आता मोजके संशोधक राहतात. मर पक्षी, हत्ती-सील आणि भोवतीच्या पाण्यातील पांढरे शार्क हे त्यांचे विषय. धक्का नसल्याने माणसे आणि सामान यारीने उचलून वर घेतात. टेकडीवर नागमोडी वाटेने चढावे लागते. दीपगृहापाशी बसून शार्कने पाण्यात केलेली शिकार टिपणे, हे त्यांचे तेथील एक काम.