समलंब चौकोन आणि ‘एकच जोडी’ : एका व्याख्येची पार्श्वभूमी

‘प्रत्येक चौरस हा आयत असतो’, चूक की बरोबर? बरोबर. ‘प्रत्येक आयत हा समांतरभुज चौकोन असतो’? तेही बरोबर. आता पुढची पायरी: ‘प्रत्येक समांतरभुज चौकोन हा समलंब चौकोन असतो.’ राज्य मंडळाच्या नववीच्या पुस्तकाप्रमाणे इथे ‘चूक’ लिहायचं. कारण व्याख्येतला एकच शब्द, आणि तो शब्दही ‘एकच’ हाच. समोरासमोरच्या बाजूंची एकच जोडी समांतर असेल, तरच समलंब. ‘किमान एक जोडी’ म्हटलं असतं, तर समांतरभुजही आत आला असता. वाद आहे तो ‘एकच’ की ‘किमान एक’ याचा. चौरसाला आयताच्या घरात घेणारी वर्गवारी इथे मात्र दार लावून घेते.

दारं लावायची सवय ग्रीकांची. इ.स.पू. ३००च्या सुमाराच्या युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या भूमितीच्या ग्रंथात चौकोनांच्या व्याख्या ‘हे आहे, पण ते नाही’ अशाच धर्तीच्या आहेत. आयत म्हणजे काटकोन आहेत पण बाजू समान नाहीत. समभुज म्हणजे बाजू समान आहेत पण काटकोन नाहीत. समोरच्या बाजू आणि कोन समान, पण या दोन्हींत न बसणारा तिरका तो वेगळा. उरलेले सगळे एका पोत्यात. त्या व्याख्यांनुसार चौरस हा आयत नव्हेच. गंमत म्हणजे त्याच ग्रंथाच्या पहिल्या भागात पुढे ३४व्या प्रमेयात समांतर बाजूंच्या आकृतीबद्दल जे सिद्ध केलंय, ते चौरसालाही बिनदिक्कत वापरलेलं आहे. सिद्धतांचा व्यवहार व्याख्येला जुमानत नव्हता, तो तेव्हापासूनच.

आपल्याकडे कोनांचा बडेजाव नव्हता. बाजू, कर्ण आणि लंब यांवर काम चाले. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) चौरसाची ओळख काटकोनाने नाही, ‘समश्रुति’ म्हणजे कर्ण समान असलेला समभुज अशी करून दिली आहे. तिथलं एक उदाहरण आजही फळ्यावर काढावं असं आहे. चारही बाजू २५. कर्ण ३० आणि ४० घेतले तर क्षेत्रफळ ६००. १४ आणि ४८ घेतले तर ३३६. कर्ण समान ठेवले तर ६२५. बाजू त्याच, आकृत्या तीन. चार सारख्या पट्ट्या टोकांना खिळ्यांनी सैल जोडून एका कोपऱ्यावर दाबून पाहा, हेच दिसेल. म्हणूनच नुसत्या बाजू देऊन चौकोनाचं नेमकं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला तिथे चक्क पिशाच म्हटलंय, आणि सांगणाऱ्याला त्याहून मोठं पिशाच.

आपल्या वादाशी संबंध आहे तो त्याच ग्रंथातल्या ‘समानलम्ब’ या शब्दाचा. समोरच्या बाजूंमधलं अंतर सगळीकडे सारखं, लंब समान. आजचा ‘समलंब’ अर्थाने तोच. त्यात ‘एकच जोडी’ कुठेही नाही. शब्दशः घेतलं तर समांतरभुजालाही लंब समानच असतात. मात्र सूत्रात आधी चौरस-आयताचं क्षेत्रफळ सांगून मग ‘इतरत्र’ म्हणून समानलंबाकडे वळलेलं आहे, हेही नोंदवायला हवं.

नावांनीही घोळ वाढवला आहे. ‘चौरस’ हा मूळचा ‘चतुरस्र’, म्हणजे कुठलाही चार कोपऱ्यांचा. तो आक्रसत चौरस झाला. ‘आयत’ म्हणजे लांबट, त्यामुळे ‘चौरस हा आयत’ हे कानाला खटकतंच. ‘पतंग’ तर विचारूच नका. संक्रांतीला आपण उडवतो तो जवळजवळ चौरस, पुस्तकातला लांबट. इंग्रजीतही तीच तऱ्हा. ‘ट्रॅपेझियम’ (समलंब) आणि ‘ट्रॅपेझॉइड’ (एकही जोडी समांतर नसलेला) यांचे अर्थ १७९५च्या एका लंडनी कोशात उलटे छापले गेले. ब्रिटनने पुढे जुना अर्थ पुन्हा धरला, अमेरिकेत उलटा रुजला. पुण्यातून न्यू जर्सीला गेलेल्या मुलाचा समलंब तिथे ‘ट्रॅपेझॉइड’ होतो.

‘एकच’च्या बाजूने एक दमदार मुद्दा आहे. समद्विभुज समलंब म्हणजे ज्याच्या असमांतर बाजू समान. त्याचे पायाचे, म्हणजे एकाच समांतर बाजूवरचे दोन कोन समान असतात हे प्रमेय. आता समांतरभुजालाही समलंब म्हटलं, तर त्याच्या समोरच्या बाजू समान असतातच, मग तोही समद्विभुज ठरेल. पण त्याचे पायाचे कोन सहसा समान नसतात. प्रमेय कोसळलं. यावर उपायही आहे: व्याख्या बाजूंवर न करता पायाच्या कोनांवर करायची. पुस्तक लिहिणाऱ्यांनी तो खटाटोप टाळला, इतकंच.

दुसऱ्या बाजूला हिशेब सरळ आहे. समलंबाचं क्षेत्रफळ म्हणजे समांतर बाजूंच्या बेरजेची निम्मी गुणिले उंची. समांतर बाजू ६ आणि ६, उंची ४ घ्या: २४. समांतरभुजाचं सूत्र आपोआप निघालं. पुढे संकलनात (इंटिग्रेशनमध्ये) आलेखाखालच्या पट्ट्या समलंब धरून बेरीज करतात. मधेच आलेख आडवा झाला की पट्टी आयत होते आणि बेरीज तशीच पुढे चालते. प्रस्तुत लेखकाचा कल ‘किमान एक’कडे आहे, हे एव्हाना लपलेलं नसेल.

केंद्रीय अभ्यासक्रमाच्या आठवीच्या, बरीच वर्षं चाललेल्या पुस्तकात ‘समांतर बाजूंची एक जोडी’ एवढंच होतं. ‘एकच’ की ‘किमान’, यावर ते गप्प. मंडळ बदलून आलेली मुलं अडखळतात ती इथेच.